खांब राहिला

टॉकीजच्या बाल्कनीकडे जाणाऱ्या जिन्याशी एक डोअरकीपर उभा असायचा आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला एकच शब्द ऐकवायचा, हळू. कुणी आजीबाई काठी टेकत निघाल्या तर हळू म्हणणं समजू शकतं. पण आखाड्यातला गडी निघाला तरी हळू, आणि फुंकर मारली तर उडून जाईल असा एखादा किडकिडीत मास्तर निघाला तरी त्यालाही हळूच. लोकांना वाटायचं, किती अदबीचा माणूस आहे. त्यांनी त्याचं नावच हळूमामा पाडून टाकलं. पुढे पुढे त्यांचं खरं नाव पगारपत्रकाशिवाय कुठे उरलं नाही.

अदब कसली डोंबलाची. मामांना भीती वाटायची. बाल्कनी पडेल ही ती भीती, आणि ती त्यांना नोकरीला लागायच्या आधीपासून होती. नोकरी त्यांनी धरली तीच मुळी तिच्यापायी.

त्याचं असं झालं. टॉकीज बांधायला काढली तेव्हा मामा शाळेत होते आणि त्यांचे वडील त्या कामावर मोठे मिस्त्री होते. थोरल्या मालकांनी कुठल्याशा मोठ्या शहरात एकदा सिनेमा पाहिला होता, आणि तिथे नेमका खांबाआड बसल्यामुळे त्यांना नायिका अख्ख्या खेळात अर्धीच दिसली. ते घरी आले ते पण करूनच. आपल्या टॉकीजात एक खांब दिसता कामा नये. नकाशे काढायला त्यांनी जो साहेब आणला तोही त्यांच्याच वळणाचा निघाला. पांढरीशुभ्र पँट घालून सिमेंटच्या राड्यातून हिंडायचा आणि खांब हा शब्द कुणी काढला की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. एवढी मोठी बाल्कनी एका लांबलचक बीमवर उभी राहणार, आणि बीम दोन्ही बाजूंच्या भिंतींवर टेकणार, असं त्याचं गणित. मिस्त्रींनी मान डोलावली आणि कामाला लागले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

टॉकीज मात्र देखणी उठली. दर्शनी भाग बोटीच्या नाकासारखा गोल, त्यात गोल खिडक्या, आणि वर एक उंच उभी भिंत काढून तिच्यावर नावाची अक्षरं एकाखाली एक लावलेली, म्हणजे नाव वाचायचं तर माणसाला आधी आकाशाकडे बघावं लागे. आत लॉबीत तीन रंगांच्या मोझॅकची फरशी. दारांना पितळी मुठी. हॉलचं छत पडद्याकडे पायरी-पायरीने उतरत गेलेलं, आणि प्रत्येक पायरीच्या पोटात दिवे असे लपवलेले की उजेड दिसावा, बल्ब दिसू नये. बाल्कनीच्या पुढच्या कठड्यावर गिलाव्याच्या लाटा होत्या. त्या लाटा मिस्त्रींच्या हातच्या. ओल्या गिलाव्यावरून लाकडी साचा एका दमात ओढत न्यायचा, मध्ये हात थांबला की लाट मोडली. शाळा सुटल्यावर मामा परांचीखाली उभे राहून ते बघत बसायचे आणि त्यांची मान दुखायची. लॉबीत संगमरवरी पाटी लागली, तिच्यावर आधी मालकांचं, मग नकाशेवाल्या साहेबांचं आणि शेवटच्या ओळीत मिस्त्रींचं नाव कोरलं गेलं. गवंड्याचं नाव पाटीवर यावं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पहिल्या खेळाच्या जाहिरातीत छापलं होतं, ‘एकही खांब नसलेली टॉकीज’. तेव्हापासून लोक तिला बिनखांबी म्हणू लागले आणि थोरले मालक मिशीला पीळ देऊ लागले.

मिस्त्री पुढे फार जगले नाहीत. सिमेंटने छाती धरली. शेवटच्या आजारात एका दुपारी त्यांनी मुलाला जवळ बोलावलं, आई पाणी आणायला आत गेली आहे हे पाहिलं आणि म्हणाले, "बाल्कनीखाली एक खांब राहिला रे. कुणाला बोलू नकोस."

मुलगा पुढे काही विचारणार तोच खोकल्याची उबळ आली. आई धावत आली. नंतर त्यांना बोलायला सवड मिळाली नाही.

झालं, त्या दिवशी त्या पोराच्या डोक्यावर जी बाल्कनी येऊन बसली ती उतरलीच नाही. खांब राहिला. घालायला हवा होता, आणि राहून गेला. साहेबाच्या हट्टापुढे वडील बोलले नाहीत, आणि आता ती एवढी बाल्कनी, तिच्यावरच्या खुर्च्या, खुर्च्यांवरची माणसं, सगळं नुसतं देवाच्या भरवशावर उभं आहे. सांगावं तर पाटीवरच्या शेवटच्या ओळीला काळं फासलं जाणार. न सांगावं तर कधी ना कधी माणसं मरणार. थोरल्या मालकांनी मिस्त्रींचा मुलगा म्हणून नोकरी देऊ केली तेव्हा पोराने डोअरकीपरचीच मागून घेतली. बाल्कनीवर नजर तरी ठेवता येईल, एवढाच त्यामागचा हिशेब.

लॉबी आणि हॉल यांच्या मध्ये एक आडभिंत होती, लाकडी फळ्यांनी मढवलेली. बाल्कनी तिच्या डोक्यावरून पुढे हॉलमध्ये गेलेली. याच भिंतीतल्या दाराशी मामांचं स्टूल असायचं. सगळे बसले, दिवे गेले, की मामा स्टुलावर टेकायचे, भिंतीला पाठ लावायचे आणि वर कान लावायचे. दुसऱ्या डोअरकीपरने एकदा विचारलंही, अरे, पडद्याकडे बघत का नाहीस? मामांनी सांगितलं की डोळ्यांना त्रास होतो. खरं तर बाल्कनी पडलीच तर तिच्याखाली आधी आपण असावं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्यातून ती भिंतही धड नव्हती. मामांची पाठ टेकायची तिथेच फळ्यांना फुगवटा होता. बाकी भिंत सरळ आणि एवढीच जागा पोट सुटल्यासारखी पुढे आलेली. मामांनी पक्कं ओळखलं की वरचं ओझं आता भिंतीत उतरतंय आणि भिंत फुगतेय. रोज पाठ टेकताना ते आधी फुगवट्यावरून हात फिरवायचे. कालच्याएवढाच वाटला की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा. एखादं गाणं लागून वर लोकांनी पाय आपटायला सुरुवात केली की मामा बॅटरी घेऊन जिना चढायचे आणि हात जोडायचे. बुकिंगवाल्याला तर त्यांनी जेरीस आणलं होतं. बाल्कनीचं तिकीट मागणाऱ्याला मामा खिडकीशी गाठून हळूच सांगायचे की वरचे पंखे बंद आहेत, ढेकूण झालेत, आज खाली बसा. बुकिंगवाला म्हणायचा, मामा, पगार मालकांचा खाता आणि गिऱ्हाईक पळवता कुणाचं?

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, जर मामी नसत्या.

मामींना सिनेमाचं भारी वेड. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी चिडवलं होतं, तुझं काय बाई, तू आता बाल्कनीत बसणार, फुकट. लग्नानंतर पहिल्यांदा टॉकीजला गेल्या तेव्हा त्या जिन्याकडे वळल्या, आणि मामांनी त्यांचा दंड धरून त्यांना खाली नेलं. खाली तरी कुठे? बाल्कनीखालची मागची रांग म्हणजे मामांच्या लेखी आणखी वाईट. त्यांनी नव्या नवरीला नेऊन बसवलं ती पार पुढे, पडद्याच्या नाकासमोर, जिथे डोक्यावर छताखेरीज काही नव्हतं. आजूबाजूला शिट्ट्या मारणारी पोरं. मामींनी मान वर करून सिनेमा पाहिला आणि घरी येऊन मानेला तेल लावलं.

दर वेळी असंच. कधी वर गर्दी आहे, कधी वर गरम होतं. एकदा मामींनी पाहिलं की बाल्कनी अर्धी रिकामी आहे आणि डॉक्टरांच्या बायकोला मामा स्वतः बॅटरी दाखवत जागेवर नेत आहेत. तिलाही ते हळू म्हणाले, पण वर तर नेलं. त्या दिवसानंतर मामींनी बाल्कनीचं नाव काढलं नाही, आणि हळूहळू टॉकीजला जाणंही सोडलं. मामांना सुटल्यासारखं वाटलं. मामींच्या मनात काय आलं असेल हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. डोक्यावर कायम स्लॅब घेऊन हिंडणाऱ्या माणसाला समोरचा चेहरा दिसत नाही, त्याला कोण काय करणार.

वर्षं गेली. थोरले मालक गेले. गर्दी ओसरली, खुर्च्यांतून स्प्रिंगा वर आल्या आणि शेवटी धाकट्या मालकांनी दाराला कुलूप घातलं. ऑपरेटर रडला, बुकिंगवाला रडला. मामा घरी आले आणि चौकटीला टेकून त्यांनी असा काही निःश्वास सोडला की मामी बघत राहिल्या. पडली नाही. आता पडली तरी रिकामी पडेल. त्या काळात मामांना शांत झोप लागली आणि त्यांचं वजनही वाढलं.

आणि मग धाकट्या मालकांच्या डोक्यात आलं की जुन्या टॉकीजा बघायला आता लोक येतात. रंगरंगोटी करू, खुर्च्या बदलू, आहे तशी पुन्हा उघडू. ते स्वतः मामांच्या घरी आले. पहिल्या खेळाला दाराशी तुम्हीच हवेत म्हणाले, आणि जाता जाता मामींकडे वळून म्हणाले, "मामी, बाल्कनीतली पहिली रांग तुमच्या घरच्यांसाठी. सूनबाईंना आणि नातीलाही घेऊन या. मिस्त्रींच्या घरची माणसं आहात तुम्ही."

मामींनी फक्त मान हलवली. पण त्या दिवसापासून घराचं रूपच पालटलं. ठेवणीतले कपडे बाहेर आले, उन्हात पडले, परत घडी झाले. गुडघे दुखत असूनही मामी ओट्यावरून पायरी उतरायच्या आणि परत चढायच्या. काय चाललंय म्हणून मामांनी विचारलं तर म्हणाल्या, जिना उंच आहे ना तिथला, सवय करतेय. नात तर शेजारीपाजारी सांगत सुटली होती. भरल्या घराकडे मामा असे बघत, जणू उद्या यातलं कुणी दिसणार नाही.

उघडण्यापूर्वी इमारत तपासायला मालकांनी एक इंजिनिअर बाई आणल्या. तरुण, कमी बोलणाऱ्या. लहानशी हातोडी घेऊन भिंतींवर ठोकत, कान देत फिरायच्या. जुने नकाशे उंदरांनी कधीच संपवले होते, म्हणून मामांना सोबत दिलं. मामा त्यांच्यामागून बॅटरी धरून हिंडत आणि प्रत्येक ठोक्याला त्यांच्या पोटात गोळा येई. कळावं असंही वाटे आणि कळू नये असंही. मामांनी आपणहून काही न सांगता बाईंनी स्वतःच शोधलं असतं तर बरं झालं असतं. वडिलांचा शब्दही राहिला असता आणि माणसंही वाचली असती.

आडभिंतीशी आल्यावर बाई थांबल्या. फुगवट्यावर हात ठेवून म्हणाल्या, इथे काय आहे?

मामा म्हणाले, ओल आली असेल.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढे गेल्या. मामा तिथेच उभे राहिले. आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो कुणीतरी विचारला होता, आणि त्यांनी ओल सांगितली होती.

घरी आले तेव्हा मामी आरशासमोर उभ्या होत्या. पाठमोऱ्या. ठेवणीतले कपडे अंगाला लावून बघत होत्या आणि स्वतःशीच लाजल्यासारखं हसत होत्या. इतक्या वर्षांत मामांनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. नात पलंगावर उभी राहून उड्या मारत होती, बाल्कनीत बसणार, बाल्कनीत बसणार. पलंग करकरला. मामांनी चपला परत पायात घातल्या आणि तसेच टॉकीजकडे निघाले.

मालक आणि बाई लॉबीत चहा घेत होते. मामा त्यांच्यासमोर उभे राहिले, हात जोडले, आणि मग पाटीकडे पाठ करून उभे राहिले, कारण तिच्याकडे बघत बोलणं त्यांना जमणार नव्हतं.

"बाल्कनी उघडू नका," ते म्हणाले. "वडील मरताना सांगून गेलेत. बाल्कनीखाली एक खांब राहिला, कुणाला बोलू नकोस, असं म्हणाले. मी बोललो नाही. आजवर बोललो नाही."

मालकांच्या हातातला चहा तसाच राहिला. मग ते तापले. इतकी वर्षं लोकांना वर बसवलं, माझ्या वडिलांनी, मी, आणि तुम्ही हे आज सांगता? मामा खाली मान घालून ऐकत होते. ते सगळं त्यांनी स्वतःला कितीदा तरी ऐकवलेलं होतं. बाईंनी मात्र कप खाली ठेवला आणि मामांना वडिलांचे शब्द परत म्हणायला सांगितले. जसेच्या तसे. मामांनी म्हटले. बाई उठल्या, आडभिंतीपाशी गेल्या आणि सुताराला बोलावून म्हणाल्या, एवढ्या फळ्या काढा.

फळ्या निघाल्या. आतला गिलावा निघाला. मामा स्टुलावर बसले होते. धूळ बसली तेव्हा बाईंनी त्यांच्याच हातातली बॅटरी घेतली आणि आत उजेड टाकला.

आत खांब होता. विटांचा, चौकोनी, जमिनीपासून थेट बीमपर्यंत गेलेला. विटांमधल्या फटी अशा एकसारख्या भरलेल्या की हात कुणाचा हे मामांनी बघताक्षणी ओळखलं. फुगवटा त्याचाच होता. पाठ ते ज्याला लावून बसत आले तो हाच.

"राहिला म्हणजे राहिलाच की, मामा," बाई म्हणाल्या. "सगळे गाळायला सांगितले, हा एक राहिला. त्यांनी राहू दिला."

मामा त्या विटांकडे बघत राहिले. साहेबाचा हुकूम, थोरल्या मालकांचा हट्ट, जाहिरातीतली ती ओळ, यांच्यापायी वडिलांनी आपलंच बांधकाम भिंतीत लपवलं होतं. बोलू नकोस ते यासाठी. बिनखांबी टॉकीजात एक खांब होता.

मालकांचा राग कुठल्या कुठे गेला. ते म्हणाले, म्हणजे या खांबाने बाल्कनी तारली म्हणायची. बाई शिडीवर चढल्या होत्या. त्यांनी खांबाचा माथा आणि बीम यांच्या मधून पट्टीचं पातं घातलं. ते सहज आरपार गेलं.

"याने काहीच तारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "बीम याच्यावर टेकलेलाच नाही. साहेबांचं गणित बरोबर होतं, बाल्कनीला याची गरजच नव्हती. मिस्त्रींना धीर झाला नसेल, म्हणून बांधला."

मालक हसायला लागले. मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्यासारखाच की हो, नुसता खाली उभा. मामाही हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते लवकर थांबेना. वडिलांना भीती वाटत होती. एवढा मोठा मिस्त्री, लाट एका दमात ओढणारा, आणि त्याच्याही पोटात हाच गोळा होता. तो त्याने विटांत चिणून ठेवला आणि ‘राहिला’ एवढा शब्द मुलाला देऊन गेला.

घरी जाऊन मामांनी मामींना सगळं सांगितलं. मामी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सगळं ऐकून घेतलं, घड्या पुऱ्या केल्या आणि आत निघून गेल्या. मामांना वाटलं, दमल्या असतील.

पहिल्या खेळाला दुपारी ही गर्दी लोटली. मामी जिना चढत होत्या, एका हाताने कठडा धरून, एकेक पायरी. मागून, दार दुसऱ्यावर सोपवून, मामा. त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, हळू. मामी वळल्याही नाहीत. म्हणाल्या, आज तरी नका म्हणू.

पहिल्या रांगेत नात, सून, मग मामी आणि कडेची खुर्ची मामांची. समोर गिलाव्याच्या लाटा, त्यापलीकडे छताच्या उतरत्या पायऱ्या आणि अगदी डोळ्यांसमोर अख्खा पडदा. मामी बराच वेळ बघत राहिल्या. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "एवढंच होतं तर एकदा सांगायचं होतं. मी समजत होते, तुम्हाला माझी लाज वाटते. या लोकांत बसण्यासारखी मी नाही, असं."

मामांनी आयुष्यभर बाल्कनीवर कान ठेवला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, एवढ्यात दिवे गेले आणि मागून पोरांनी शिट्ट्या मारत पाय आपटायला सुरुवात केली. पायाखालची फरशी थरथरली. बीमवरची बाल्कनी थरथरतेच, बाईंनी तसं दोनदा समजावून सांगितलं होतं. तरी मामांच्या हातापायांना ते कुठे माहीत. ते खुर्चीतून उठले, बॅटरी चाचपली आणि जिन्याकडे वळले.

मामींनी अंधारात त्यांची बाही धरली. कुठे निघालात म्हणून विचारलं.

खाली, मामा म्हणाले. स्टुलाकडे.

"आता खाली काय राहिलंय?" मामी म्हणाल्या.

मामा क्षणभर तसेच अवघडून उभे राहिले. मागच्या कुणीतरी बसा हो, दिसत नाही म्हणून हाक दिली. ते बसले. मामींनी बाही सोडली नाही, आणि सिनेमा सुरू झाला.